युक्रेनचं युद्ध आणि युक्रेनची माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्धाच्या बातम्या आपल्याकडे नकाशावरून सांगितल्या जातात. लाल रंग किती सरकला, निळा किती मागे गेला, कोणी कोणाला किती रणगाडे दिले. पुढचे प्रश्न मला घरात, कट्ट्यावर, रेल्वेच्या डब्यात आणि कॉलेजच्या मुलांकडून पुन्हा पुन्हा विचारले गेले आहेत. उत्तरं देताना नकाशा शक्य तेवढा बाजूला ठेवला आहे. माहिती २०२५ च्या अखेरपर्यंतची आहे.

राजधानीचं नाव मी 'कीव्ह' असं लिहितो. 'कीव' लिहिलं की मराठीत त्याचा अर्थ दया होतो, आणि ज्या लोकांबद्दल हे लिहितो आहे त्यांनी जगाकडे दया मागितलेली नाही.

हे युद्ध २०२२ मध्येच सुरू झालं ना?

आपल्या टीव्हीवर ते २४ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झालं. युक्रेनी माणूस मात्र २०१४ साल सांगतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हिक्टर यानुकोविच यांनी युरोपीय संघाबरोबर ठरलेला करार ऐनवेळी बाजूला सारला आणि कीव्हच्या मैदान चौकात लोक जमू लागले. (हा 'मैदान' आपल्याच 'मैदाना'चा भाऊबंद आहे. फारसी-तुर्की वाटेने तो शब्द तिकडे पोचला.) त्या हिवाळ्यात शंभरच्या आसपास आंदोलक मारले गेले, बरेचसे गोळीबारात. यानुकोविच रशियाला पळाले. त्यानंतर काही दिवसांतच अंगावर कसलंही चिन्ह नसलेले रशियन सैनिक युक्रेनच्या क्रिमिया द्वीपकल्पात दिसू लागले, मार्चमध्ये रशियाने क्रिमिया आपला म्हणून जाहीर केला आणि लगोलग पूर्वेकडे दोनेत्स्क-लुहान्स्क पट्ट्यात लढाई पेटली.

२०२२ उजाडेपर्यंत त्या लढाईत १४,००० हून अधिक माणसं गेली होती. त्यातले ३,४०० वर साधे नागरिक होते. पंधरा लाखांच्या आसपास लोक तेव्हाच घरदार सोडून देशात इतरत्र गेले होते. त्यातल्या कित्येकांनी मारिउपोलसारख्या शहरात नव्याने बिऱ्हाड थाटलं आणि आठ वर्षांनी तिथूनही त्यांना पळावं लागलं. 'हे युद्ध अचानक कसं पेटलं?' असं विचारणाऱ्याला आधी हे सांगावं लागतं.

किती माणसं गेली?

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार निरीक्षकांनी फेब्रुवारी २०२२ पासून पडताळून नोंदवलेल्या नागरिकांच्या मृत्यूंचा आकडा २०२५ मध्ये १४,००० च्या पुढे गेला. यातला 'पडताळून' हा शब्द महत्त्वाचा आहे. जिथे निरीक्षकांना पाऊल ठेवता येत नाही तिथले मृत्यू या आकड्यात जवळपास नाहीतच. मारिउपोल हे चार लाखांवर वस्तीचं शहर. मार्च ते मे २०२२ त्याला वेढा पडला होता. ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने उपग्रह छायाचित्रांवरून कबरी मोजल्या आणि एकट्या मारिउपोलमध्ये नेहमीपेक्षा किमान ८,००० मृत्यू जास्त झाल्याचा हिशेब मांडला. तिथल्या नाट्यगृहात शेकडो लोक आसऱ्याला होते. वैमानिकाला दिसावं म्हणून इमारतीच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर अवाढव्य अक्षरांत रशियन भाषेत 'मुलं' असं लिहिलं होतं. १६ मार्चला त्या इमारतीवर बॉम्ब पडला.

सैनिकांचा आकडा दोन्ही सरकारं हातचा राखूनच सांगतात. डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी ४३,००० युक्रेनी सैनिक मारले गेल्याचं जाहीर केलं. पाश्चात्त्य अंदाज याहून वरचे आहेत.

मला मात्र एक लहान आकडा अधिक सांगून जातो. खार्कीव्ह प्रांतात ह्रोझा नावाचं खेडं आहे, वस्ती जेमतेम ३३०. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी एका मृत सैनिकाचे अवशेष गावात आणून पुन्हा दफन केले आणि रीतीप्रमाणे सगळे गावच्या कॅफेत जेवायला बसले. तिथे क्षेपणास्त्र आलं. ५९ जण गेले. आपल्याकडच्या एखाद्या वाडीत तेराव्याच्या पंगतीवर असं काही झालं, तर मागे वाढायला आणि उष्टं काढायला कोण उरेल, याचा विचार करून पाहा.

रशियन सैन्य गावात होतं तेव्हा लोकांनी काय भोगलं?

बुचाचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. कीव्हजवळच्या त्या गावातून मार्च २०२२ च्या अखेरीस रशियन सैन्य मागे गेलं आणि ४०० हून अधिक मृतदेह सापडले, काही रस्त्यावर, काही हात मागे बांधलेले. मी इथे याहिदने या दुसऱ्या गावाबद्दल सांगतो, कारण त्याची बातमी आपल्याकडे क्वचितच पोचली.

याहिदने चेर्निहीव्ह शहराच्या बाहेर आहे. मार्च २०२२ च्या सुरुवातीला रशियन तुकडीने गावच्या शाळेत तळ ठोकला आणि सुमारे ३५० गावकऱ्यांना त्याच शाळेच्या तळघरात कोंडलं. तान्ह्या बाळापासून नव्वदी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे तिथे होते. जवळजवळ महिनाभर ते तसेच राहिले. आडवं व्हायला जागा नव्हती, लोक बसल्या बसल्या झोपत. हवा इतकी कोंडलेली की म्हातारी माणसं गुदमरून, भ्रमिष्ट होऊन मेली, आणि प्रेत बाहेर न्यायची परवानगी मिळेपर्यंत जिवंत माणसं त्यांच्या शेजारी बसून राहिली. तळघरातल्या एका दाराभोवती लोकांनी नावं लिहून ठेवली आहेत. एका बाजूला बाहेर गोळ्या घालून मारलेल्यांची, दुसऱ्या बाजूला आत गेलेल्यांची. मधे हाताने लिहिलेल्या तारखा आहेत, म्हणजे कोणता दिवस आहे याचा विसर पडू नये. शेवटच्या तारखेपुढे लिहिलं आहे : आपले आले.

शाळेच्या भिंतीवर मुलांच्या बोटांनी काढलेल्या ओळी जगभर असतात. त्याच शाळेत या नावांच्या ओळी आहेत, आणि त्या जपून ठेवल्या आहेत.

मोठ्या शहरांत तर दुकानं-कॅफे चालू दिसतात. मग रोजचं जगणं इतकं कठीण कसं?

चालू आहेतच. ते चालू ठेवण्याची मेहनत छायाचित्रात येत नाही इतकंच.

रात्री भोंगा वाजतो. मोबाइलवरही वाजतो. तळघर किंवा मेट्रो स्थानक लांब असेल तर लोक 'दोन भिंतींचा नियम' पाळतात. बाहेरची भिंत स्फोटाचा धक्का घेते, आतली काचा आणि तुकडे अडवते, म्हणून घरात या दोन भिंतींपलीकडच्या बोळात गाद्या टाकायच्या. कित्येक मुलांचं अंथरूण वर्षानुवर्षं त्या बोळातच किंवा न्हाणीघरात आहे. खार्कीव्ह रशियाच्या सीमेपासून तीस-चाळीस किलोमीटरवर. तिथे क्षेपणास्त्र मिनिटभरात येतं, त्यामुळे बरेचदा आधी स्फोट होतो आणि मग भोंगा. म्हणून त्या शहराने २०२३ पासून मेट्रो स्थानकांत वर्ग भरवले आणि पुढे मुद्दाम जमिनीखाली शाळा बांधल्या.

मग वीज. १० ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने वीजकेंद्रं आणि उपकेंद्रं वेचून फोडायला सुरुवात केली, आणि त्यानंतर प्रत्येक हिवाळा त्याच धास्तीत गेला. आपल्याला भारनियमन नवं नाही. महाराष्ट्राने दहा-बारा तासांचंही पाहिलं आहे. पण उणे दहा अंशांत नवव्या मजल्यावर वीज गेली की नुसता दिवा जात नाही, पंप बंद होतो, उष्णतेचे पाइप थंड पडतात, लिफ्ट थांबते आणि व्हीलचेअरवरचा माणूस घरातच अडकतो. सरकारने शहराशहरांत गरम तंबू आणि खोल्या उघडल्या. तिथे जनरेटर, चहा, मोबाइल चार्जिंग आणि इंटरनेट मिळतं. त्यांचं नाव 'न झुकणाऱ्यांची ठिकाणं' अशा अर्थाचं आहे.

रोज सकाळी ९ वाजता देशभर एक मिनिट स्तब्धता पाळली जाते. मार्च २०२२ पासून हा नियम आहे. रस्त्यावर गाड्या थांबतात, माणसं उतरून उभी राहतात. ज्याच्या घरातलं कोणी गेलेलं नाही असा माणूस त्या मिनिटात शोधावा लागतो.

रशियाच्या ताब्यातल्या भागात काय चाललं आहे?

देशाचा जवळपास पाचवा हिस्सा रशियाच्या ताब्यात आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये बंदुकीच्या धाकाखाली 'सार्वमत' घेऊन रशियाने चार प्रांत आपल्यात सामील झाल्याचं जाहीर केलं, जरी त्यातला एकही तेव्हा पूर्णपणे त्याच्या हाती नव्हता.

तिथे राहणाऱ्याच्या आयुष्याची किल्ली म्हणजे रशियन पासपोर्ट. तो नसेल तर पेन्शन, औषधोपचार, नोकरी, घराची मालकी, सगळ्यात अडथळे. मार्च २०२५ मध्ये फर्मान निघालं : १० सप्टेंबरपर्यंत कागदपत्रं रशियन करा, नाहीतर निघा. म्हणजे स्वतःच्या घरात राहणारा माणूस परदेशी ठरला. पासपोर्ट घेतला की तरुणाला रशियन सैन्यात बोलावणं येऊ शकतं, स्वतःच्याच देशाविरुद्ध लढायला. शाळेत रशियन अभ्यासक्रम आहे. युक्रेनी शाळेचा ऑनलाइन वर्ग चोरून करणारी मुलंही आहेत, आणि पकडले गेल्यास झळ आईबापांना बसते. क्रिमियातल्या तातारांसाठी, म्हणजे तिथल्या मूळच्या मुस्लिम समाजासाठी, तर हे दुसऱ्यांदा आहे. १९४४ च्या मे महिन्यात स्टालिनने सुमारे दोन लाख तातारांना गुरांच्या डब्यांतून मध्य आशियात हाकललं होतं. ते लोक १९८० च्या दशकाअखेर परतू लागले आणि २०१४ नंतर पुन्हा धरपकडीला तोंड देत आहेत. त्यांच्या 'मेज्लिस' या प्रतिनिधी सभेवर रशियाने २०१६ मध्ये बंदी घातली.

इझ्यूम शहराजवळ कापितोलिव्का नावाचं खेडं आहे. तिथे व्होलोदिमिर वाकुलेंको राहत, लहान मुलांसाठी लिहिणारे लेखक. घरात स्वमग्न मुलगा आणि म्हातारे वडील. मार्च २०२२ मध्ये गाव ताब्यात गेलं तेव्हापासून ते रोजनिशी लिहीत होते. आपल्याला उचलणार हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते कागद गुंडाळून परसातल्या चेरीच्या झाडाखाली पुरले आणि वडिलांना सांगून ठेवलं की आपले लोक आले की त्यांना दे. त्यानंतर त्यांना नेलं. सप्टेंबरमध्ये युक्रेनी सैन्याने इझ्यूम परत घेतलं, तेव्हा युद्धगुन्ह्यांच्या नोंदी करणाऱ्या लेखिका व्हिक्तोरिया आमेलिना तिथे गेल्या आणि वडिलांबरोबर जमीन उकरून त्यांनी ती रोजनिशी बाहेर काढली. इझ्यूमच्या जंगलात चारशेवर कबरी सापडल्या होत्या, लाकडी क्रूस आणि त्यावर नुसते क्रमांक. ३१९ क्रमांकाच्या कबरीतले अवशेष वाकुलेंकोंचे निघाले. आमेलिना जून २०२३ मध्ये क्रामातोर्स्कच्या एका उपाहारगृहात बसल्या असताना क्षेपणास्त्र पडलं आणि १ जुलैला त्याही गेल्या. ३७ वर्षांच्या होत्या.

मुलांना पळवून नेल्याचं खरं आहे का?

खरं आहे. युक्रेन सरकारने रशियात किंवा व्याप्त भागात बळाने हलवलेल्या १९,००० हून अधिक मुलांची नोंद केली आहे. काही अनाथालयांतली, काही आईबाप मारले गेलेली, काही 'सुट्टीच्या शिबिराला' म्हणून नेलेली आणि परत न पाठवलेली. ३० मे २०२२ च्या फर्मानाने अनाथ युक्रेनी मुलांना रशियन नागरिकत्व देणं सोपं करण्यात आलं. नागरिकत्व बदलतं, नाव बदलू शकतं, दत्तक दिलं जातं, आणि मग तीन वर्षांचं मूल पुढे कोणाला काय सांगणार? १७ मार्च २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने याच आरोपावरून व्लादिमिर पुतिन आणि रशियाच्या बालहक्क आयुक्त मारिया ल्व्होवा-बेलोवा यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं. या बाईंनी मारिउपोलचा एक मुलगा स्वतः घरी ठेवून घेतल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे.

परत आलेली मुलं हजार-दोन हजारांच्या घरात आहेत. त्यातली बरीचशी आज्या, मावश्या, आया हजारो किलोमीटर वळसा घालून, कागदपत्रं हातात घेऊन आणायला गेल्या म्हणून परतली. कतारने काही वेळा मध्यस्थी केली.

देश सोडून किती लोक गेले? ते परत येतील का?

२०२५ मध्ये साठ लाखांच्या आतबाहेर लोक परदेशात आणि सदतीस लाखांच्या आसपास देशातच विस्थापित होते. युरोपीय संघाने २००१ मध्ये केलेला तात्पुरत्या संरक्षणाचा नियम इतकी वर्षं कागदावरच होता, तो मार्च २०२२ मध्ये पहिल्यांदा लागू झाला. त्यामुळे युक्रेनी लोकांना छावण्यांत न कुजता लगेच काम आणि शाळा मिळाली. हा नियम मार्च २०२७ पर्यंत वाढवला आहे. सर्वाधिक लोक जर्मनी आणि पोलंडमध्ये आहेत.

पण बाहेर गेल्या त्या मुख्यतः बायका-मुलं. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी घातली गेली (ऑगस्ट २०२५ मध्ये १८ ते २२ वयाच्या मुलांना मोकळीक मिळाली). म्हणजे लाखो संसार मधोमध चिरले गेले. आई लाइपझिगला सफाईचं काम करते, बाबा पोल्तावाला किंवा आघाडीवर. मूल दिवसा जर्मन शाळेत, संध्याकाळी ऑनलाइन युक्रेनी शाळेत. पहिली दोन वर्षं 'हिवाळा संपला की जाऊ' असं म्हणण्यात गेली. आता ते मूल स्वप्नात जर्मन बोलतं.

परत किती येतील हा देशाच्या अस्तित्वाचा प्रश्न झाला आहे. १९९१ मध्ये युक्रेनची लोकसंख्या ५ कोटी २० लाखांच्या आसपास होती. २०२४ मध्ये तिथे सुमारे १ लाख ७७ हजार जन्म आणि ४ लाख ९५ हजार मृत्यू नोंदले गेले.

लोकांना रस्त्यावरून उचलून सैन्यात नेतात, हे व्हिडिओ खरे आहेत का?

त्यातले काही खोटे आहेत, बरेच खरे आहेत. २०२२ च्या वसंतात भरती केंद्रांबाहेर रांगा होत्या. ज्यांना जायचं होतं ते तेव्हाच गेले. त्यानंतर सैन्याला माणसं कमी पडू लागली, एप्रिल २०२४ मध्ये सक्तीच्या भरतीचं वय २७ वरून २५ वर आणलं गेलं, आणि भरती अधिकारी पुरुषांना अडवून छोट्या बसमध्ये कोंबतात अशा तक्रारी वाढल्या. युक्रेनी लोकांनी त्यासाठी 'बुसिफिकात्सिया' असा शब्दच तयार केला, म्हणजे 'बसीकरण'. वैद्यकीय दाखले विकून पैसे खाणारे सापडले, त्यावरून २०२३ मध्ये सगळ्या प्रांतांतले भरतीप्रमुख हटवावे लागले.

दुसरी बाजूही तितकीच खरी. २०२२ पासून खंदकात असलेल्या सैनिकाला घरी कधी सोडणार याची तारीखच नाही. त्यांच्या बायका चौकांत फलक घेऊन उभ्या राहिल्या, की आमच्या माणसाच्या जागी आता दुसऱ्याची पाळी आहे. एका घरातली बाई नवऱ्याला लपवते, शेजारच्या घरातली नवऱ्याला परत मागते. दोघींपैकी कोणालाही दोष देण्याची माझी छाती नाही. युद्धाने समाजात पाडलेली ही सर्वांत खोल भेग आहे, आणि युक्रेनच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ती झाकून ठेवू नये.

झेलेन्स्कींची मुदत संपली, निवडणूक नाही. मग लोकशाही कसली?

२०१९ मध्ये ते ७३ टक्के मतं घेऊन निवडून आले. पाच वर्षं मे २०२४ मध्ये पूर्ण झाली. युक्रेनच्या कायद्यानुसार मार्शल लॉ, म्हणजे युद्धकाळातली आणीबाणी, असताना निवडणूक घेता येत नाही, आणि हा कायदा या युद्धाच्या आधीचा आहे. शिवाय व्यवहारात पाहा : मतदार याद्यांतले लाखो लोक परदेशात, लाखो खंदकात, लाखो व्याप्त भागात, आणि मतदान केंद्र म्हणजे तासन्‌तास रांग लावलेल्या लोकांचा जमाव, वर ड्रोन. विरोधी पक्षांचे नेतेही युद्धकाळात निवडणूक नको असंच बहुतांशी म्हणत आले.

तरी प्रश्न बिनबुडाचा नाही. सत्ता राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात एकवटली, टीव्ही वाहिन्यांचं एकच सामायिक बातमीपत्र चालवलं गेलं, लोकप्रिय सेनापती व्हालेरी झालुझ्नी यांना फेब्रुवारी २०२४ मध्ये हटवलं. लोकांना हे रुचलं नाही आणि त्यांनी तसं बोलून दाखवलं.

२०२५ चा जुलै महिना यासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. २२ जुलैला संसदेने भ्रष्टाचारविरोधी दोन संस्थांची, 'नाबू' आणि विशेष अभियोक्ता कार्यालयाची, स्वायत्तता काढून घेणारा कायदा केला आणि झेलेन्स्कींनी त्याच दिवशी सही केली. संध्याकाळी कीव्हमध्ये तरुण पोरं-पोरी जमली. हातात खोक्यांचे फाडलेले पुठ्ठे, त्यावर मार्करने लिहिलेल्या ओळी. युद्ध चालू, रात्री संचारबंदी, वर क्षेपणास्त्रांची भीती, तरी दिवसेंदिवस गर्दी वाढत गेली. गर्दीत रजेवर आलेले सैनिक होते, पाय गमावलेले होते. ३१ जुलैला संसदेने ३३१ विरुद्ध शून्य मतांनी स्वायत्तता परत दिली. त्याच 'नाबू'ने नोव्हेंबरमध्ये अणुऊर्जा कंपनीतल्या लाचखोरीचं मोठं प्रकरण उघड केलं, मंत्री गेले, आणि महिनाअखेर राष्ट्राध्यक्षांचे उजवे हात आंद्री येरमाक यांना राजीनामा द्यावा लागला. लोक अंधारात बसलेले असताना विजेच्या पैशात हात मारला गेला, याची चीड तिथे प्रचंड आहे. मला त्या पुठ्ठ्यांचं मोल फार वाटतं. युद्ध चालू असताना स्वतःच्या सरकारला दहा दिवसांत मागे फिरवणारे लोक इतिहासात फारसे सापडत नाहीत.

नाझींचं सरकार आहे, असंही ऐकतो.

झेलेन्स्की ज्यू कुटुंबातले, घरची भाषा रशियन. २०१९ च्या संसद निवडणुकीत अतिउजव्या पक्षांच्या आघाडीला अडीच टक्केही मतं मिळाली नाहीत. सैन्यात अतिउजव्या विचारांची माणसं आहेत, तशी इतर देशांतही आहेत. त्यावरून प्रसूतिगृहावर बॉम्ब टाकणं समर्थनीय ठरत नाही.

रशियन आणि युक्रेनी एकच लोक ना? भाषाही सारखीच.

मराठी माणसाने हा प्रश्न विचारताना थोडं थांबावं. लिपी देवनागरी आहे म्हणून मराठी ही हिंदीची बोली आहे, असं कोणी म्हटलं की आपल्या अंगाला कशी आग लागते!

युक्रेनी ही स्वतंत्र भाषा आहे. झारच्या काळात १८६३ आणि १८७६ च्या हुकमांनी युक्रेनी पुस्तकं छापण्यावर बंदी होती. १९३२-३३ मध्ये स्टालिनच्या सक्तीच्या धान्यवसुलीतून पडलेल्या दुष्काळात, ज्याला ते होलोदोमोर म्हणतात, लाखो शेतकरी उपाशी मेले. डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला, आणि क्रिमियातही तो कौल निम्म्यावर होता.

२०२२ च्या आधी पूर्वेकडच्या शहरांत लाखो लोक घरात रशियन बोलत आणि स्वतःला युक्रेनीच मानत. ज्यांना 'वाचवायला' आलो असं मॉस्कोने सांगितलं तीच ही माणसं, आणि मारिउपोल, खार्कीव्हमध्ये सर्वाधिक मार त्यांनीच खाल्ला. त्यातल्या असंख्य लोकांनी त्यानंतर ठरवून भाषा बदलली. चाळिशीतला माणूस मुलांशी अडखळत युक्रेनी बोलू लागतो, शब्द आठवत नाही म्हणून थांबतो, पुन्हा सुरू करतो. काहींनी बदलली नाही. रशियन बोलणारे सैनिक आघाडीवर आजही आहेत. 'पाल्यानित्सा' हा एका गोल पावाचा शब्द रशियन जिभेला नीट वळत नाही, म्हणून युद्धाच्या सुरुवातीला नाक्यांवर तो उच्चारायला लावून माणूस पारखत. रस्त्यांची नावं बदलली, पुश्किनचे पुतळे उतरले, आणि २०२३ पासून नाताळ ७ जानेवारीऐवजी २५ डिसेंबरला आला. रशियाने ज्याला नाही म्हटलं तेच त्याच्या हल्ल्याने घट्ट केलं.

थोडी जमीन देऊन टाकावी, निदान माणसं तरी वाचतील. असं का करत नाहीत?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि बहुतेक वेळा तो चांगल्या मनाने विचारलेला असतो. म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, 'थोडी जमीन' रिकामी नाही. २०२५ मध्ये दोनेत्स्क प्रांताचा जो तुकडा युक्रेनने लढाईविना सोडावा अशी मागणी झाली, नोव्हेंबरच्या अमेरिकी शांतता-मसुद्यातही जी होती, तिथे क्रामातोर्स्क आणि स्लोव्यान्स्क ही शहरं आहेत. तिथे दोन लाखांच्या वर लोक राहत होते. वर व्याप्त भागाबद्दल जे लिहिलं ते त्यांच्या वाट्याला येईल, किंवा त्यांना एका रात्रीत घर सोडावं लागेल. माणसं वाचवण्यासाठी जमीन द्यायची, तर त्या जमिनीवरच्या माणसांचं काय, याचं उत्तर त्या प्रश्नात नसतं.

दुसरी, कराराचा अनुभव. १९९४ मध्ये बुडापेस्टला युक्रेनने आपल्या भूमीवरची अण्वस्त्रं सोडून दिली. तो साठा जगात तिसऱ्या क्रमांकाचा होता. बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने सीमांचा मान राखण्याची हमी लिहून दिली. वीस वर्षांत तोंडाला पानं पुसली गेली. २०१४ आणि २०१५ ला मिन्स्कमध्ये शस्त्रसंधी झाली, तीही टिकली नाही. पक्की हमी नसेल तर शस्त्रसंधी म्हणजे पुढच्या हल्ल्याआधीची विश्रांती, असं तिथला बाजारात भाजी विकणारा माणूसही सांगतो.

तिसरी, कायदा. संविधानाच्या ७३ व्या कलमानुसार देशाच्या सीमा बदलायच्या तर संपूर्ण देशाचं सार्वमत लागतं, आणि मार्शल लॉ असताना संविधानात दुरुस्ती करता येत नाही. एकटे झेलेन्स्की सही करून हे देऊ शकत नाहीत.

आणि तरीही लोक थकले आहेत. २०२२ मध्ये शेवटपर्यंत लढू म्हणणारे बहुसंख्य होते, आता वाटाघाटींनी युद्ध थांबावं असं म्हणणारे वाढले आहेत. आघाडीची रेषा आहे तिथे गोठवायला मन मारून तयार असलेलेही पुष्कळ आहेत, पण ताबा कायदेशीर मान्य करायला तयार असलेले थोडे. हा फरक बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. परवडत नाही म्हणून मारामारी थांबवणं वेगळं आणि घर चोराच्या नावावर करून देणं वेगळं.

आपला, भारताचा आणि मराठी माणसाचा यात काय संबंध?

युद्ध सुरू झालं तेव्हा हजारो भारतीय विद्यार्थी युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होते. महाराष्ट्रातलेही होते. 'ऑपरेशन गंगा'त सुमारे २२,५०० भारतीय परतले. २ मार्च २०२२ ला खार्कीव्हमधल्या मुलांना दूतावासाने, वाहन मिळत नसेल तर चालत निघा असं कळवलं, आणि बर्फात बॅगा ओढत मुलं पिसोचिनसारख्या गावांकडे चालत गेली. आदल्याच दिवशी कर्नाटकातला एक विद्यार्थी किराणा आणायला बाहेर पडला आणि मारला गेला. परतलेल्यांची वर्षं वाया गेली, कर्जं डोक्यावर राहिली, काही जण पदवीसाठी पुन्हा पश्चिम युक्रेनमधल्या शहरांत गेले.

स्वयंपाकघरात त्याची झळ सूर्यफूल तेलाच्या डब्यातून लागली, कारण आपलं बहुतांश सूर्यफूल तेल तेव्हा तिथून यायचं. दुसरीकडे युद्धाआधी आपल्या आयातीत दोन टक्क्यांहून कमी असलेलं रशियन खनिज तेल पुढे तिसऱ्या हिश्श्याच्याही वर गेलं. संयुक्त राष्ट्रांत १४३ देशांनी चार प्रांतांचं सामिलीकरण अमान्य केलं, तेव्हा भारत तटस्थ राहिला. यामागची कारणं समजण्यासारखी आहेत, शस्त्रास्त्रं, जुनी मैत्री, स्वस्त तेल. पण कीव्हमधल्या माणसाने 'तुमचं पेट्रोल कुठून येतं?' असं विचारलं तर नजर चुकवू नये, इतकं मला वाटतं.

आणि एक बातमी लवकर विस्मरणात गेली. नोकरीच्या आमिषाने रशियाला नेलेले भारतीय तरुण आघाडीवर पाठवले गेले. परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये अशा १२६ जणांची नोंद आणि १२ मृत्यू जाहीर केले. एजंट 'सुरक्षा रक्षकाची नोकरी' म्हणून रशियाला पाठवत असेल, तर त्या पोराला कोणीतरी हात धरून थांबवा.

परदेशात माझ्या शेजारी, ऑफिसात युक्रेनी माणसं आहेत. त्यांच्याशी कसं बोलावं?

बर्लिन, प्राग, वॉर्सा, डब्लिन इथल्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न बरेचदा येतो. 'तुम्ही रशियन ना?' हे तेवढं टाळा. 'युद्ध कधी संपणार?' हेही नको, त्यांनाही ठाऊक नाही. नवऱ्याबद्दल, भावाबद्दल स्वतःहून विचारू नका, त्यांनी विषय काढला तर ऐका. फटाक्यांच्या दिवशी, मग ते ३१ डिसेंबरचे असोत की आपल्या दिवाळीचे, आधी सांगून ठेवा. गाव कोणतं ते मात्र विचारा. बाख्मुत म्हणाले, मारिन्का म्हणाले, तर ते गाव आता उभं नाही हे लक्षात असू द्या, आणि तिथे घरासमोर काय होतं, कोणती झाडं होती, बाजार कधी भरायचा ते सांगायला त्यांना वेळ द्या.